कपाट, अंगण आणि अफवा

मागचे दोन शनिवार-रविवार रिलीजमध्ये गेले, त्यामुळे इथे काही लिहिलं नाही. या शनिवारी मात्र ठरवून लॅपटॉप घरी ठेवला आणि डहाणू लोकल पकडली. (२०१३ पासून विरारच्या पुढे थेट डहाणू रोडपर्यंत लोकल जाते, हे अजूनही बऱ्याच मुंबईकरांना माहीत नसतं. चिकू खायला एकदा तरी जा.)

शाळेतली एक मैत्रीण सध्या त्या बाजूला एका सरकारी रुग्णालयात बाँड पूर्ण करतेय. रुग्णालयाचं नाव सांगत नाही, तिची नोकरी आहे. ओपीडी संपेपर्यंत मी व्हरांड्यात टाइमपास करत होतो, तेव्हा एका लोखंडी कपाटावर पिवळ्या ऑइलपेंटने लिहिलेलं दिसलं : "वैद्यकीय ग्रंथालय". मला एकदम भरून आलं. आडबाजूच्या रुग्णालयात लायब्ररी! किल्ली कुठे आहे विचारलं, तर ती क्लार्ककडे आणि क्लार्क रजेवर. काचेतून जेवढं दिसलं त्यात जुनी जाडजूड टेक्स्टबुकं, सुतळीने बांधलेले अहवाल आणि एका कोपऱ्यात गुंडाळी करून उभी केलेली पोस्टरं. गावात लावायला आलेली पोस्टरं कपाटातच म्हातारी झाली होती.

मैत्रिणीला हे सांगितलं तर ती हसली. म्हणाली, "मला ते कपाट लागतच नाही रे. पबमेड माझ्या खिशात आहे. प्रॉब्लेम तिकडे आहे." आणि तिने बाकाकडे बोट केलं.

बाकावर पाच महिन्यांची गरोदर बाई आणि तिची सासू बसली होती. रक्त तपासायचं होतं आणि सासू काही केल्या देऊ देईना. "रक्त काढतात नि विकतात" हे तिला कुणीतरी सांगितलेलं. मैत्रिणीने दहा मिनिटं समजावलं. हिमोग्लोबिन, बाळाचं वजन, सिकल सेल, सगळं. भिंतीवरचं पोस्टर दाखवलं. उपयोग शून्य. मग आशाताई आल्या, त्या बाकावर न बसता सासूजवळ खाली फरशीवर बसल्या, आधी कुणाच्या तरी लग्नाच्या गप्पा मारल्या, आणि मग लॅबवाल्यापुढे स्वतःचं बोट धरून म्हणाल्या, "आधी माझं काढ." त्यानंतर सुनेचं रक्त दोन मिनिटांत झालं.

परत येताना पूर्ण प्रवासभर मी याच गोष्टीचा विचार करत होतो. घरी येऊन वाचत बसलो, आणि जे सापडलं ते तुम्हाला सांगायलाच हवं.

आधी ग्रंथालयाचा इतिहास, थोडक्यात. वैद्यकीय माहितीचा प्रश्न डॉक्टरांपुरता जगाने फार छान सोडवलाय. अमेरिकेत जॉन शॉ बिलिंग्ज नावाच्या लष्करी डॉक्टराने १८७९ मध्ये 'इंडेक्स मेडिकस' सुरू केलं, म्हणजे जगभरच्या वैद्यकीय लेखांची छापील सूची. १९६४ मध्ये तीच सूची कॉम्प्युटरवर गेली, १९७१ मध्ये फोनलाइनवरून शोधता येऊ लागली आणि जून १९९७ मध्ये पबमेड या नावाने सगळ्या जगाला फुकट मिळाली. आपल्या धंद्यातल्या माणसाने टोपी काढावी असं काम आहे हे. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ चालू असलेला डेटाबेस! पण हे सगळं आपल्या भाषेत सांगायचं तर 'पुल' मॉडेल आहे. क्वेरी टाकाल तर उत्तर मिळेल. ज्याला प्रश्न टाइप करता येत नाही, त्याच्यासाठी सर्व्हर बंदच.

हे ग्रंथपालांनाही कळलेलं होतं. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत गर्ट्रूड लॅम्ब नावाच्या बाईंनी ग्रंथपालांना वॉर्डात पाठवायला सुरुवात केली. डॉक्टरांच्या राउंडबरोबर ग्रंथपाल फिरणार, खाटेशी उभं राहून प्रश्न ऐकणार आणि उत्तर शोधून आणून देणार. मुंबईत डॉ. अनिरुद्ध आणि डॉ. अंजली मालपाणी यांनी १९९० च्या दशकात 'हेल्प' नावाचं मोफत आरोग्य ग्रंथालय काढलं, फोर्टात, दादाभाई नौरोजी रोडवर. ते डॉक्टरांसाठी नाही, थेट पेशंटसाठी होतं. कुणीही आत यावं, आपल्या आजाराबद्दल वाचावं, आठवड्याची व्याख्यानं ऐकावीत. भारतात त्या काळी पेशंटने डॉक्टरला प्रश्न विचारणं हाच उद्धटपणा समजला जायचा, हे लक्षात घेतलं तर ही केवढी मोठी गोष्ट होती ते कळेल.

पण लॅम्बबाई वॉर्डापर्यंत आल्या आणि मालपाणी फोर्टापर्यंत. बाकावरची सासू तिथून अजून सव्वाशे किलोमीटर लांब आहे. तिच्यापर्यंत कोण पोचतं?

उत्तर सोपं आहे आणि भीतिदायक आहे. अफवा पोचते.

"रक्त काढून विकतात" हे ऐकल्यावर मला वाटलं ही व्हॉट्सॅपची देणगी. छे! सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेग ओळखला. सरकारने रोग्यांना उचलून आर्थर रोडच्या साथीच्या रुग्णालयात न्यायला सुरुवात केली. (तेच आजचं कस्तुरबा रुग्णालय.) आणि शहरात बातमी फिरली की रुग्णालयात माणसांना उलटं टांगून त्यांच्यातून 'मोमियाई' काढतात. मोमियाई म्हणजे माणसाच्या देहातून निघणारं एक जादुई औषध, असा समज होता. राणीला प्रजेची काळजं हवीत, अशीही एक आवृत्ती होती. २९ ऑक्टोबर १८९६ ला सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोड रुग्णालयावर चालून गेले. पुढे फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला, घरांच्या झडत्या सुरू झाल्या, आणि अफवांना आणखी खतपाणी मिळालं.

आता हे हसण्यावारी नेणं सोपं आहे. पण त्या कामगाराच्या बाजूने बघा. गोरा शिपाई घरात घुसतो, बायको-पोरांसमोर तुम्हाला उचलतो, एका भिंतीआड नेतो. आत गेलेली बरीच माणसं परत येत नाहीत, कारण प्लेगच तसा आहे. आत काय चालतं ते तुमच्या भाषेत कुणी सांगत नाही. मग रिकाम्या जागेत काहीतरी भरणारच ना? मोमियाईची गोष्ट खोटी होती, पण ती एका खऱ्या प्रश्नाचं उत्तर होती : आमच्या माणसांचं आत करता काय?

गंमत म्हणजे माहिती देशी भाषेत असावी ही अक्कल सरकारला फार आधी सुचलेली होती. १८२६ मध्येच मुंबईत डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या हाताखाली देशी वैद्यकीय शाळा निघाली होती, मराठी-गुजरातीतून शिकवणारी. त्यांनी वैद्यकाची पुस्तकं या भाषांमध्ये करून घेतली. १८३२ मध्ये ती शाळा बंद केली. मग १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज आलं, इंग्रजीतून.

त्याच ग्रँट मेडिकल कॉलेजात १० जानेवारी १८९७ ला वाल्देमार हाफकिनने प्लेगची नवी लस आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. नंतर आगाखानांनी आपल्या अनुयायांसमोर टोचून घेतली, म्हणून त्यांच्या खोजा समाजात लोक पुढे आले. आमच्या आशाताईंनी हाफकिनचं नाव ऐकलेलं असायची शक्यता कमी. पण "आधी माझं काढ" ही युक्ती तीच.

आता मुंबईतून परत डहाणू-तलासरीकडे. या दोन तालुक्यांत वारली, धोडिया, मल्हार कोळी, काटकरी अशा आदिवासींची वस्ती मोठी, तलासरीत तर बहुतेक सगळे आदिवासीच. आणि इथे खोट्या बातमीने माणसं मेल्याचा इतिहास प्लेगइतका जुना नसला, तरी तितकाच कडू आहे.

२३ मे १९४५. झरी गावात, आजच्या तलासरी तालुक्यात, पाचेक हजार वारली जमले. सावकार-जमीनदारांची वेठबिगार आणि लग्नगडी पद्धत यांच्याविरुद्ध किसान सभेची ती परिषद होती, गोदावरी आणि शामराव परुळेकर यांनी भरवलेली. (लग्नाला कर्ज काढायचं आणि नवरा-बायकोने जन्मभर सावकाराकडे राबायचं, तो लग्नगडी.) पाच हजार माणसं जमवायला पत्रक चालत नव्हतं, वाचणार कोण? निरोप पाड्यापाड्यावर पायी आणि तोंडी गेला. तोंडी निरोपाचं नेटवर्क किती जबरदस्त असतं ते सगळ्यांनी पाहिलं. सावकारांनीही पाहिलं.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर गवतकापणीच्या मजुरीसाठी संप होता. १० ऑक्टोबरला निरोप फिरला : गोदूताई तलवाड्याला येणार आहेत, सगळ्यांनी जमा. हजारो वारली गेले. गोदूताई येणारच नव्हत्या. निरोप खोटा होता, आणि तो जमीनदारांच्या माणसांनी फिरवला असं किसान सभेने कायम सांगितलं. पोलिसांना मात्र दंग्याची वर्दी मिळालेली होती. गोळीबार झाला. आणि लोक हलले नाहीत, कारण बाई येणार हा निरोप होता ना. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण मेले. गोदूताईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये हे सगळं लिहिलंय. मी ते कॉलेजात असताना वाचलं होतं, तेव्हा मला त्यात वर्गलढा दिसला. आता वाचताना नेटवर्क सिक्युरिटीच दिसते. निरोप खरा की खोटा हे तपासायची सोय नसलेलं नेटवर्क, आणि त्यात कुणीतरी विश्वासातल्या नावाने पॅकेट सोडलं. (व्यवसायाचा दोष. समजून घ्या.)

त्याच १९४५ मध्ये, तिथून फार लांब नाही अशा बोर्डीत, दोन बायका अगदी वेगळं काही करत होत्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. ताराबाईंनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला बालशिक्षणाचं काम केलेलं. त्या बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र काढायला आल्या आणि अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी सुरू झाली. छान खोली, छान साधनं. आणि वस्तीतली मुलं आली नाहीत.

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण इथपर्यंतची गोष्ट म्हणजे अगदी आमच्या त्या कपाटाचीच गोष्ट आहे. सोय आहे, साहित्य आहे, लोक येत नाहीत. अशा वेळी सरकारी अहवालात एक ठरलेलं वाक्य येतं, "लोकांमध्ये जागृतीचा अभाव". (आमच्याकडे म्हणतात, 'युजरला ट्रेनिंग द्या'.) या दोघींनी ते वाक्य लिहिलं नाही. त्यांनी साहित्य उचललं आणि वस्तीत गेल्या. कुणाच्या तरी अंगणात बसल्या. मुलं तिथेच होती. आधी अंघोळी घातल्या, नखं कापली, केस विंचरले, मग गाणी-गोष्टी. अंगणात भरते म्हणून तिचं नाव अंगणवाडी. आयांना बोलवावं लागलं नाही, कारण त्या स्वतःच्याच दारात उभ्या राहून बघत होत्या. पोराला खरूज का होते आणि ती कशी जाते हे त्यांनी पोस्टरवर वाचलं नाही, समोर पाहिलं.

पुढे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्र कोसबादच्या टेकडीवर गेलं, डहाणू तालुक्यात, वारल्यांच्या मुलखात. तिथे नवाच घोळ. मोठी मुलं गुरांमागे जायची, शाळेला कोण येणार? मग शाळाच गुरांमागे गेली. कुरणशाळा! शिक्षिका कुरणात जायच्या, गुरं चरताहेत तोवर शिकवायचं. धाकट्या भावंडाला सांभाळायचं म्हणून मुलगी येत नाही, तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी, म्हणजे भावंड इकडे आणि ताई तिकडे. त्याचं नाव विकासवाडी. दर वेळी अडचण लोकांची नाही, आपल्या वेळापत्रकाची आहे, असं धरून चाललेल्या या बायका. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. अनुताई १९९२ पर्यंत तिथेच राहिल्या. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना देशात ३३ ठिकाणी सुरू केली, तेव्हा त्यातल्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं. आज देशभर, तमिळनाडूपासून आसामपर्यंत जो शब्द सरकारी कागदावर आहे, तो बोर्डीच्या एका अंगणातला आहे. मराठी माणूस अभिमान बाळगायला काय काय शोधत असतो, आणि हे कुणाला माहीतच नसतं!

पुस्तकांच्या बाबतीतही हे करून पाहिलेलं आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणला आणि बडोदे संस्थानात पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव फिरायला लागल्या. संस्थानाचा नवसारी प्रांत डहाणूपासून उत्तरेला हाकेच्या अंतरावर. १९३१ मध्ये रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, आणि त्याच वर्षी मद्रास इलाख्यात मन्नारगुडीला बैलगाडीवरचं वाचनालय सुरू झालं. "प्रत्येक पुस्तकाला वाचक मिळाला पाहिजे" हा त्यांचा तिसरा नियम. म्हणजे वाचक शोधायची जबाबदारी पुस्तकाची. आपलं कपाट नेमकं याच्या उलट उभं.

आता २०२०. हे लिहू की नको असा विचार केला, कारण यावर आधीच एवढं ओरडून झालंय. पण ते सोडून हा विषय लिहिता येत नाही.

एप्रिल २०२०, लॉकडाऊन. (लावला कशाखाली? त्याच १८९७ च्या साथरोग कायद्याखालीही.) रस्ते बंद, बाजार बंद, अंगणवाडी बंद. कासा परिसरात मोबाइलवर आणि तोंडी बातम्या फिरायला लागल्या की रात्री चोर येतात, मुलं पळवतात, किडन्या काढून नेतात. गावागावांत पहारे बसले. मदत वाटायला आलेल्या एका डॉक्टरांच्या गाडीवर जमावाने हल्ला केला. डॉक्टरांवर! आणि १६ एप्रिलच्या रात्री डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले गावात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर यांना जमावाने ठार मारलं, पोलिसांच्या समोर. त्यानंतर टीव्हीवर कोण काय बोललं ते तुम्हाला माहीत आहे.

मारणाऱ्यांची वकिली मी करत नाहीये. तीन निरपराध माणसं मेली. पण मोमियाई आणि किडनी यांच्यामधल्या १२४ वर्षांत गोष्ट जवळजवळ तीच राहिली, फक्त अवयव बदलला, हे वाचून मला रात्री झोप आली नाही. दोन्ही वेळा साथ होती. दोन्ही वेळा बाहेरचा माणूस हे भीतीचं रूप होतं. आणि दोन्ही वेळा जी माणसं दारात येऊन खरं काय ते सांगू शकली असती, ती नेमकी दारात पोचत नव्हती.

शनिवारी संध्याकाळी मैत्रिणीला हे सगळं अजून माहीत नसताना मी इंजिनियर असल्याचा आव आणून उपाय सुचवायला लागलो होतो. ॲप करू, वारली भाषेत व्हिडिओ करू, क्यूआर कोड लावू वगैरे. ती शांतपणे ऐकत होती. मग तिने ड्रॉवरमधून सिकल सेलची दोन कार्डं काढली.

२०२३ मध्ये केंद्राने सिकल सेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची असं तिचं लक्ष्य. हा आजार आई आणि वडील दोघांकडून येतो. दोघेही नुसते वाहक असतील, म्हणजे स्वतःला काही त्रास नाही, तर दर मुलामागे आजाराची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० आणि काहीच नसण्याची २५. दोन बाय दोनचं टेबल. ते समजावणं म्हणजे मोठं संकट, कारण "तुला काही झालेलं नाही, पण तुझ्या बाळाला होऊ शकतं" हे वाक्य ऐकायलाच वाईट. यावर कुणीतरी डोकं लढवलंय : मुलाचं कार्ड मुलीच्या कार्डावर ठेवायचं, की मुलांना काय होऊ शकतं ते दिसतं. बघून मी अक्षरशः खुर्चीतून उठलो. डेटाबेस जॉइन, बॅटरीशिवाय!

"भारी आहे," मी म्हटलं.

"भारी आहेच," ती म्हणाली. "पण हे एकावर एक ठेवायला दोन्ही घरची माणसं एका जागी बसावी लागतात. आणि कार्ड वाईट निघालं तर मुलीचं लग्न मोडतं, मुलाचं नाही. मग पुढच्या घरी रक्त द्यायला कुणी हात पुढे करत नाही. ते सगळं आशाताई सांभाळते. तिला महिन्याला किती मिळतात ते विचारू नकोस."

मी विचारलं नाही.

निघताना पुन्हा त्या कपाटापाशी थांबलो. आशाताई तिथेच होत्या. कुठल्याशा पाड्यावर निघाल्या होत्या, खांद्याला पिशवी, पिशवीत गोळ्या, वजनकाटा आणि त्यांची वही. वही बघायला मागितली. घर नंबर, बाईचं नाव, किती महिने, आणि समासात बारीक अक्षरात नोंदी : सासू घाबरते, नवरा वीटभट्टीवर, हिला आधी बहिणीशी बोलावं. पानंच्या पानं.

मी त्यांना विचारलं, ताई, त्या कपाटातली पोस्टरं तुम्हाला कधी लागतात का?

"लागली होती एकदा," त्या म्हणाल्या. "पावसात वहीला कव्हर घालायला. पण किल्ली नव्हती."